छापखाना आला, पण रुजला नाही
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



काही समाज श्रीमंत आणि पुढारलेले झाले, काही मागे राहिले. याला एकच कारण नाही. कोळसा, समुद्र, वसाहतींची लूट, राज्यकारभार, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. आज आपण एकच कारण पाहू, कारण त्याचा धागा आपल्या घरापर्यंत येतो.

जर्मनीतल्या माइन्झ शहरात योहान गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास सुटे खिळे जुळवून बायबल छापले. १५०० सालापर्यंत युरोपातल्या २००हून अधिक गावांत छापखाने झाले. पुढे वैद्य, व्यापारी, खलाशी, ज्याच्या त्याच्या कामाची पुस्तके निघू लागली. एकाने शोधलेले दुसऱ्याला पुन्हा शोधावे लागेना.

आपल्याकडे छापखाना फार उशिरा आला, असे आपण समजतो. तो १५५६ साली गोव्यात उतरला होता! निघाला होता ॲबिसिनियाला, राहिला इथेच. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले, तेही रोमन लिपीत. पण ते यंत्र मुख्यतः मिशनच्या कामापुरते राहिले. इकडे देशावर कागद होता, शाई होती, झरझर मोडी लिहिणारे कारकून होते. पोथ्या मात्र हातानेच उतरवल्या जात. विद्या थोड्या जातींच्या हाती. स्त्रियांना आणि कष्टकऱ्यांना अक्षर बंद. मग छापायचे कोणासाठी? मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ बाळशास्त्री जांभेकरांनी काढले, तेव्हा १८३२ साल उजाडले होते.

यंत्र विकत आणता येते, वाचणारा समाज घडवावा लागतो. हे आपल्या सयाजीराव महाराजांनी ओळखले. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध बडोदे संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलींसुद्धा. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून गावोगावी वाचनालये उभी केली, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या.

त्याच बडोद्यात आज आपली नातवंडे मराठी बोलतात, पण ‘आजोबा, तुम्हीच वाचून दाखवा’ म्हणतात. पुस्तके आपल्या मंडळाच्या कपाटात आहेत, आणि कपाटाला कुलूप आहे. गणराय विद्येची देवता. या दहा दिवसांत ते कुलूप काढू या आणि घरटी एक पुस्तक नेऊ या. नातवंडांना वाचून दाखवू नका, त्यांच्याकडून वाचून घ्या.