कणकवलीतून निघणारं नाटकाचं त्रैमासिक

मी शिनोलीचा. आमच्या भागात नाटक म्हटलं की आधी तमाशा आठवतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची माणसं जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई तिथल्याच, 2002 मध्ये गेल्या. पण कुठल्या फडानं कुठला वग केला, कुणी रचला, हे ज्यांना तोंडपाठ आहे ती माणसं आता थकलीत. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात माणूस नोकरी सोडताना निदान सगळं लिहून तरी देतो!

म्हणून आज 'रंगवाचा'बद्दल बोलायचंय. रंगभूमीला वाहिलेलं हे त्रैमासिक पुण्या-मुंबईचं नाही, कणकवलीचं. संपादन वामन पंडितांचं, ते स्वतः नाटकवाले. काढतं कोण, तर वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान. आचरेकर म्हणजे कुमार गंधर्वांना तबल्याची साथ करणारे. हीच मंडळी नाट्यमहोत्सवही भरवतात. म्हणजे खुर्च्या मांडणारे आणि अंक काढणारे वेगळे नाहीत. मला हेच भारी वाटतं.

तर येत्या पाडव्याला मी राहुट्यांवर वही आणि रेकॉर्डर घेऊन जातोय. निदान वगांची नावं तरी उतरवू. कुणी येणार असाल तर कळवा.