दुखावलेल्या कमरेला पुन्हा कामाला जुंपताना

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



नवा खोंड कामाला शिकवताना आपण त्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी मानेवर नुसते जू ठेवतो, मग मागे हलका ओंडका बांधून फिरवतो, मग वखर, आणि नांगर सर्वांत शेवटी. स्वतःच्या कमरेच्या बाबतीत मात्र ही रीत आपण पाळत नाही. खताचे पोते उचलताना कमरेत उसण भरते. चार दिवस अंथरूण धरायचे, गोळ्या घ्यायच्या आणि कळ थांबली की पाचव्या दिवशी पुन्हा तेच पोते उचलायचे. दुसऱ्यांदा भरलेली उसण पायात उतरते आणि ऐन पेरणी खाटेवर जाते. यास्तव उसण भरल्यानंतर पुढचे सहा-आठ आठवडे कसे वागावे, यावरच आज बोलणार आहे.

प्रथम एक भीती काढून टाकू. “मणक्यात गॅप आहे” असे एकदा कानावर पडले की माणूस आयुष्यभराचा अधू झाल्यासारखा वागू लागतो. कमरेत पाच मणके असतात व दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. वयाप्रमाणे ही चकती झिजते, जशी गाडीची धाव झिजते. कमर मुळीच दुखत नसलेल्या चाळिशीतील माणसांची एमआरआय तपासणी केली तरी निम्म्याहून अधिक जणांत अशी झीज आढळते. म्हणून केवळ फोटोतील गॅपवरून घाबरू नये. अचानक भरलेली साधी उसण बहुतेकांच्या बाबतीत चार ते सहा आठवड्यांत बरीच कमी होते.

दुसरा गैरसमज विश्रांतीचा. पूर्वी डॉक्टरही आठवडा-दोन आठवडे पडून राहण्यास सांगत. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन दिवस व सात दिवस विश्रांती सांगितलेल्या रुग्णांची तुलना केली गेली. दोन दिवसवाले कामावर लवकर परतले आणि दुखणे बरे होण्यात फरक पडला नाही. पुढे १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी शहरात असे दिसले की, सोसेल तेवढे नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर सुधारले. पडून राहिल्याने स्नायू सैल पडतात आणि नंतर सगळा भार पुन्हा मणक्यावर येतो.

कमरेच्या पट्ट्याचेही तसेच आहे. बाजारात हे पट्टे भरपूर खपतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यात पट्टा व कंबर ताणण्याचे वजन वापरू नये, असे सुचविले आहे. व्यायाम व रुग्णाला नीट समजावून सांगणे यांवर भर आहे. पट्टा बांधला म्हणून पोते हलके होत नाही, उलट उचलणाऱ्याची हिंमत तेवढी वाढते. आणि पायाळू माणसाचे काय, असे तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच. नुसता पाय लावून घेतला तर बिघडत नाही. परंतु उसण भरलेल्या कमरेवर लाथ मारून घेणे किंवा कोणाला उभे करणे धोक्याचे आहे.

पहिले काही दिवस

पहिले दोन-तीन दिवस कळ जोरात असते. उताणे झोपून पोटऱ्यांखाली उशा किंवा गोधडीची वळकटी घ्यावी, गुडघे वाकलेले राहू द्यावेत. मात्र दर तासाला उठून अंगणात चार फेऱ्या माराव्यात. कोमट शेकाने आराम पडतो. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आणि जेवणानंतर घ्यावी. गोळी घेऊन दिवसभर उन्हात राबणे व पाणी कमी पिणे हे मूत्रपिंडास घातक ठरते. दुसरे असे की, गोळीने कळ दबते, इजा भरून येत नाही. गोळीच्या जोरावर पोते उचलू नये.

सकाळची वेळ सर्वांत नाजूक असते, हे फारच थोड्यांना माहीत असते. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांतील चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. अशा वेळी वाकल्यास त्यांवर ताण अधिक येतो. आणि आपला दिवस तर शेणाच्या पाटीने व धार काढण्याने सुरू होतो! यास्तव उठल्यावर पहिला तासभर वाकण्याची कामे टाळावीत. आधी फिरावे, चहा घ्यावा. ते दोन महिने शेण काढण्याचे काम घरातील दुसऱ्याने करावे. धार काढावीच लागली तर उकिडवे न बसता बुटक्या तिवईवर, जनावराच्या अगदी जवळ बसून काढावी.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून सपाट रस्त्याने दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोनदा चालावे व वेळ वाढवत न्यावा. दुसऱ्या आठवड्यात, कळ परवानगी देईल तसे, तीन सोपे व्यायाम सुरू करावेत. पहिला, उताणे झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलणे आणि दहा आकडे मोजून खाली आणणे. दुसरा, हात व गुडघे टेकून जनावरासारखे उभे राहून उजवा हात व डावा पाय सरळ लांबवणे, नंतर उलट बाजू. यात पाठ पाटीसारखी सपाट राहिली पाहिजे. तिसरा, कुशीवर होऊन कोपर व गुडघ्यावर भार घेऊन कंबर उचलणे. प्रत्येक सहा ते आठ वेळा पुरे. पश्चिमोत्तानासन, पायाचे अंगठे धरणे, पाय सरळ ठेवून झोपलेले उठून बसणे हे प्रकार या काळात करू नयेत, मग सांगणारा कितीही जाणकार असो.

याशिवाय वाकण्याचा सराव करावा. घरातली एक सरळ काठी पाठीवर उभी धरावी. डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांमधील पाठ आणि माकडहाड अशा तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली ठेवून गुडघे थोडे मोडावेत व खुब्यातून वाकावे. काठी सुटली की समजावे, कंबर वाकली. आठ दिवस सराव केला म्हणजे शेतात काठीशिवायही तसेच वाकता येते.

ओझे किती आणि केव्हा?

आता खोंडाचा ओंडका आला. व्यायाम करूनही कळ वाढत नसेल, तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाच किलोंपासून सुरुवात करावी. अर्धी बादली पाणी म्हणजे एवढेच. ती अंगाशी धरून उचलावी आणि उचललेल्या ओझ्यासह कमरेतून न वळता पाय फिरवून वळावे. तीन-चार दिवस ठीक गेले तर दहा किलो, मग पंधरा. मोजमाप दुसऱ्या दिवशी सकाळी करावे. कालच्यापेक्षा कळ वाढली असेल तर पुन्हा मागील ओझ्यावर यावे. पायात उतरलेली कळ वर सरकून कमरेत आली तर ते चांगले लक्षण आहे, मग कमरेत थोडे अधिक दुखले तरी चालेल. मात्र कमरेतली कळ मांडीतून पोटरीकडे उतरू लागली तर ते काम त्याच दिवशी थांबवावे.

फवारणीचा पंप येथे खास सांगितला पाहिजे. सोळा लिटरचा पंप म्हणजे सोळा किलो पाणी आणि वर पंपाचे वजन, असे वीस किलोंच्या पुढे ओझे. त्यात चिखलात पाय रुतत असतात. पहिल्या हंगामात टाकी निम्मीच भरावी. औषधाची मात्राही तेवढ्याच पाण्याच्या हिशेबाने मोजावी, नाहीतर पीक जळेल. पंप जमिनीवरून उचलून पाठीवर घेऊ नये. बांधावर किंवा ओट्यावर कमरेच्या उंचीला ठेवून दोन्ही पट्टे खांद्यात घालावेत.

युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोंची झाली, इतर बहुतेक खतांच्या गोण्या ५० किलोंच्याच आहेत. दुखावलेल्या कमरेने एकट्याने ती उचलूच नये. गोणी ट्रॉलीवरच फोडावी व घमेल्याने खत उतरवावे. वेळ जातो हे खरे. पण तो अर्ध्या तासाचा हिशेब आहे. ट्रॅक्टर चालविणाऱ्यांनी दोन तासांच्या हादऱ्यांनंतर खाली उतरून लगेच ओझ्याला हात घालू नये, आधी पाच मिनिटे चालावे.

भगिनींबद्दल वेगळे बोलावे लागते. पुरुषाची कंबर धरली की घरात गडी लावतात. बाईची धरली की ती शेक घेऊन पुन्हा खुरपणीला जाते. उकिडवे बसून तासन्‌तास खुरपणे हे दुखऱ्या कमरेला पोत्याइतकेच जड आहे. शक्य तेथे उभ्याने चालणारे सायकल कोळपे वापरावे. खुरपावेच लागले तर दर अर्ध्या तासाने उभे राहून, हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा हळूच मागे झुकावे. कापूस वेचताना ओटी भरण्याची वाट न पाहता लवकर रिकामी करावी. भरलेल्या हंड्याऐवजी दोन्ही हातांत दोन लहान कळशा घ्याव्यात.

हे सर्व साध्या उसणीस लागू आहे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येणे, पाऊल लुळे पडणे, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. येथे तास मोजले जातात. झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यानंतरचे दुखणे, रात्री झोपूनही न थांबणारी कळ, वजन घटणे, ताप येणे, ही लक्षणेही अंगावर काढू नयेत. मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही आढळतो. गोठ्यात एखाद्या गाईने किंवा म्हशीने गाभ टाकला असेल, तुम्ही उघड्या हातांनी वार काढली असेल किंवा घरात कच्चे दूध पिण्याची सवय असेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्या तापासोबत कंबर दुखत असेल, तर तो ब्रुसेलोसिस असू शकतो. त्याची रक्ततपासणी होते व औषधही आहे. डॉक्टरांना गोठ्यातील ही गोष्ट आपणहून सांगावी. ते विचारतीलच असे नाही.