बाईचे पोट म्हणजे नुसती जमीन नव्हे
(आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



बी पुरुषाचे आणि बाई म्हणजे जमीन, ही कल्पना आपल्या समाजात हाडीमाशी मुरलेली आहे. या रूपकाच्या आधारे मुलावरचा हक्क बापाकडे कसा जातो, हे लीला दुबे यांनी १९८६ साली नेमके मांडले. पीक वाया गेले की दोष मात्र जमिनीचा! आज या 'जमिनी'त प्रत्यक्षात काय घडते ते पाहू.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी परक्याशी झगडतात. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले तर शरीर ते नाकारू पाहते. मुलाच्या पेशींवरच्या निम्म्या खुणा बापाकडून आलेल्या, म्हणजे आईला परक्याच. मग आईचे शरीर नऊ महिने मूल कसे सांभाळते? १९५३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी हा प्रश्न विचारला. आईची प्रतिकारशक्ती या काळात सुस्त होत असावी, असा त्यांचा एक तर्क होता. तो टिकला नाही.

उलट ती कामाला लागते. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के एकाच जातीच्या असतात. त्यांचे नाव 'नैसर्गिक मारक पेशी', पण इथे त्या मारत नाहीत. आईच्या अरुंद रक्तवाहिन्या रुंद व्हायला त्या मदत करतात, म्हणजे वारेला पुरेसे रक्त मिळते. 'नियामक टी-पेशी' बाकीच्या पेशींना आवर घालतात. बाळंतपण जवळ आले की आणखी काही पेशी गर्भाशयात आणि त्याच्या मुखाशी जमतात, कळांची तयारी करतात. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली मोजक्या गर्भवतींचे रक्त तपासून दाखवले, की या पेशींच्या बदलांवरून दिवस किती गेले याचा अंदाज करता येतो. इतके हे वेळापत्रक ठरलेले असते.

ते बिघडले तर? रक्तवाहिन्या अरुंदच राहतात, वारेला रक्त कमी पडते. त्रासलेली वार आईच्या रक्तात घातक द्रव्ये सोडते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो, बहुधा लघवीत प्रथिने उतरतात. डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा सुजतो, बरगड्यांखाली दुखते. पुढे झटके येतात, आणि घरचे म्हणतात, 'बाहेरची बाधा झाली.' अशा स्त्रियांत नियामक टी-पेशी कमी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

हा धोका पहिलटकरणीला जास्त असतो. आईच्या पेशी आणि बापाकडून मुलात आलेल्या खुणा यांचा मेळ कसा बसतो, यावरही तो अवलंबून असतो. मग एकट्या सुनेला 'पांढऱ्या पायाची' म्हणण्याला आधार कोणता?

या पेशींची तपासणी आपल्या दवाखान्यात होत नाही, आणि जीव वाचवायला ती लागतही नाही. लागतो रक्तदाबाचा पट्टा आणि लघवीची पट्टी. ज्यांना धोका अधिक, त्यांना डॉक्टर सोळाव्या आठवड्याच्या आत ॲस्पिरिनची लहान मात्रा सुरू करतात. आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्याच्या गोळ्यांचाही उपयोग होतो. मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे ३३ देशांतल्या सुमारे १०,००० स्त्रियांच्या चाचणीने २००२ सालीच सिद्ध केले.

तेव्हा गावी परतल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा: पट्टा चालू आहे का? लघवीच्या पट्ट्या आहेत का? इंजेक्शन शिल्लक आहे का? २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी ठरलेली आहे. त्या दिवशी प्रत्येकीचा रक्तदाब खरोखर मोजून कार्डावर लिहितात का, ते पाहा. बाळंतपण झाले म्हणून निर्धास्त होऊ नका. झटके त्यानंतरही येऊ शकतात. माहेरी गेलेल्या बाळंतिणीचीही चौकशी करा.