चिनी पदार्थांचे देशांतर

संध्याकाळ झाली की आता तालुक्याच्या गावीही 'चायनीज'ची हातगाडी उभी राहते. मोठ्या आचेवर कढई खणखणते, लसणाचा वास सुटतो आणि मुले 'मंचुरियन' मागतात. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येकडला मुलूख खरा; पण तिथल्या सुगरणीला हा पदार्थ विचाराल तर ती बिचारी गोंधळून जाईल! कारण तो जन्मला आपल्या मुंबईत.

कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी त्याची हकीकत सांगितली आहे. 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये एका गिऱ्हाइकाने काहीतरी नवे मागितले. त्यांनी आपल्याकडच्यासारखे आले, लसूण, हिरवी मिरची परतली. मात्र गरम मसाला न घालता सोया सॉस घातला, कॉर्नफ्लॉवरने रस दाट केला आणि त्यात कोंबडीचे तळलेले तुकडे सोडले. पुढे शाकाहारी मंडळींसाठी कोंबडीच्या जागी कोबी आणि फ्लॉवर आले.

असे का होते? घर सोडून गेलेला माणूस सोबत हात नेतो, शेत नेत नाही. करण्याची रीत त्याची असते. जिन्नस मिळतात ते त्या गावचे, आणि जेवणाऱ्यांची जीभही त्याच गावची. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात 1849 पासून चिनी मजूर करारावर नेले गेले. त्यांच्या वंशजांच्या खाणावळींना तिथे 'चिफा' म्हणतात. चिनी पद्धतीने भरभर परतलेले मांस, त्यात सोया सॉस, आणि सोबत भात व तळलेला बटाटा, हे तिथले आवडते जेवण आहे. बटाटा मूळचा तिकडच्याच डोंगरांतला.

'शेजवान' या नावाचीही अशीच गंमत आहे. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या तिखटाची खूण म्हणजे जिभेला झिणझिण्या आणणारे एक फळ. त्याचे भावंड, तिरफळ, आपल्या कोकणात माशांच्या आमटीत घालतात. पण गाडीवरच्या शेजवान चटणीत ते नसते. असते ती लाल मिरची आणि लसूण.

पदार्थ आपण असा आपलासा केला. माणसांचे काय झाले? चिनी लोक कोलकात्यात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून राहू लागले. सुतारकाम, चामडे कमावणे, जोडे शिवणे हे त्यांचे उद्योग. टांग्रा भागातल्या हक्का लोकांची चामड्याची कामे प्रसिद्ध होती. 1962 साली चीनशी युद्ध झाले आणि चिनी वंशाच्या सुमारे 3000 लोकांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबले गेले. ही वर्ध्याजवळची आपली देवळी नव्हे. त्यांत म्हातारी माणसे होती, लेकरे होती. कित्येकांचा जन्म याच मातीतला. काहीजण चार-पाच वर्षांनी सुटले. पुष्कळजण नंतर देश सोडून गेले. त्यांच्या हातची चव मात्र आपल्या गावोगावी पोचली.

मुलचेऱ्याच्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको. पूर्व बंगालातून उखडलेली कुटुंबे इथल्या जंगलात वसवली गेली. पद्मेचा इलिश मासा इथे कुठून मिळणार? त्यांनी इथल्या तलावांतल्या माशांना मोहरीचे वाटण लावले, आणि चूल पेटती ठेवली.

म्हणून गुरुजनांना एक विनंती. भूगोलाच्या तासाला मुलांना विचारा: तुमच्या घरचा कोणता पदार्थ दुसऱ्या गावाहून आला? इथे आल्यावर त्यात काय बदलले? मराठी, बंगाली, तेलुगू, गोंडी बोलणारी मुले उत्तरे देतील आणि फळ्यावर नकाशा आपोआप उभा राहील. आणि मग एवढेच सांगा: ताटातल्या पाहुण्याला आपण सहज जागा देतो, तशी ती दारातल्या पाहुण्यालाही द्यावी.