साक्षीदार कपाटात बसून आहे

मे 2024 मध्ये आपल्या पुण्यात, कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण जीव घेतले. चालकाच्या रक्ताचा नमुना बदलला गेला, असे पोलिसांनी डीएनए चाचणीच्या आधारे सांगितले. माणसाची साक्ष फिरते. रक्ताची फिरत नाही.

ती साक्ष वर्षानुवर्षे टिकतेही. कॅलिफोर्नियात 1970-80 च्या दशकांतील हत्यांचा आरोपी 2018 मध्ये जपून ठेवलेल्या नमुन्यावरूनच सापडला.

नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद तीत आहे. केंद्राने प्रयोगशाळांसाठी 2254 कोटींची योजनाही मंजूर केली. स्वागतच आहे! पण नव्या नमुन्यांची रांग वाढली की जुने मागेच राहणार. म्हणून माझी मागणी एवढीच : उकल न झालेल्या खून-बलात्कारांच्या नमुन्यांसाठी वेगळा निधी राखावा. गणेशखिंडच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेला त्यातून तंत्रज्ञ, रसायने आणि शीतकपाटे मिळावीत.

यातून गुन्हेगार सापडेल, तसाच संशयाचा डाग घेऊन जगणारा निर्दोषही सुटेल. दाराकडे डोळे लावून बसलेल्या आईला ‘तपास चालू आहे’ हे उत्तर आपण आणखी किती वर्षे देणार?