दही गोठविताना
चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावरील 'विवेकानंद इल्लम' ही वास्तू फ्रेडरिक ट्यूडर याने १८४२ साली बर्फ साठविण्यासाठी बांधविली, हे श्रोत्यांपैकी अनेकांना ठाऊक असेल. मॅसॅच्युसेट्समधील तळ्यांतला तो बर्फ जहाजाने येई आणि साहेबांच्या पेल्यात विरघळे. आज तेवढा गारवा घरच्या शीतकपाटात आहे. मग मुलांना रंगीत साखरपाण्याच्या कांड्या का द्याव्यात?

या शहराच्या उष्म्यात विरजण पाच-सहा तासांत लागते आणि पाहता पाहता आंबते. म्हणूनच तेथील गृहिणी प्रवासाच्या दहीभातात दूध अधिक घालते. गोठविण्याचे दहीही नुकते लागलेले, गोड असावे. ते फडक्यात दोन तास टांगावे. पाणी राहिले तर बर्फाचे खडे दाताखाली येतात. चक्क्यात आंब्याचा गर व किसलेला गूळ घोटून साच्यात भरावा. गूळ अगदीच वगळू नये; गोडीमुळेच मिश्रण दगडासारखे होत नाही.

थंडीने जंतू मरतात, हा समज मात्र घातक होय. विरजणातील उपकारक जंतू गोठूनही बरेचसे टिकतात, तसेच अपकारकही. म्हणून फळे उकळून निवविलेल्या पाण्याने धुवावीत, आणि वीज जाऊन वितळलेले दही पुन्हा गोठवू नये.