उन्हातली शाळा आणि संवेदनशील मूल

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त योजलेल्या पालक-शिक्षक व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रापासून दूर, परभाषेच्या वस्तीत साठ वर्षे मराठीचा दिवा तेवत ठेवणाऱ्या या शाळेच्या मैदानाने अनेक पिढ्यांची प्रार्थना, कवायत आणि खेळ पाहिले आहेत. हीरकमहोत्सवात इमारतीविषयी, निकालांविषयी आणि यशस्वी माजी विद्यार्थ्यांविषयी पुष्कळ बोलले जाईल, आणि ते उचितच आहे. आजचा विषय मात्र त्याच मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या एका मुलाचा आहे. सारा वर्ग टोप्या घालून रांगेत उभा राहतो. हे मूल टोपी डोक्यावर ठेवताच भिरकावून देते. घरी आई चेहऱ्याला सनस्क्रीन लावू लागली की ते किंचाळते, तोंड पुसून काढते. पाहणारे त्याला हट्टी म्हणतात, लाडावलेले म्हणतात. वस्तुतः त्या मुलाचे म्हणणे कोणी ऐकलेलेच नसते.

माणसाला बाहेरचे जग ज्ञानेंद्रियांतून कळते. परंतु सर्वांच्या मेंदूत त्या संवेदनांची मोजदाद सारखी होत नाही. अमेरिकेतील व्यवसायोपचार तज्ज्ञ ए. जीन एअर्स यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयाचा पाया घातला. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने निदानाचे जे सुधारित निकष प्रसिद्ध केले, त्यांत संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद हे स्वमग्नतेच्या लक्षणांपैकी एक मानले गेले. अशी संवेदनशीलता स्वमग्न नसलेल्या मुलांतही आढळते. त्या मुलाला टोपीचे इलॅस्टिक दोरखंडासारखे काचते, मलमाचा चिकटपणा असह्य होतो, सुगंध डोक्यात जातो. ज्याला इतर लोक खोड म्हणतात, ती त्याच्या लेखी वेदना असते.

याची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. काही मुलांना संवेदना फार कमी जाणवतात. अंग तापले तरी ती सावलीला येत नाहीत, घसा कोरडा पडला तरी पाणी मागत नाहीत. ज्यांना बोलून सांगता येत नाही, त्यांची गोष्ट तर आणखी कठीण. म्हणून उन्हापासून संरक्षण म्हणजे केवळ त्वचा काळवंडू न देणे, असे मानणे पुरेसे नाही.

उन्हात दोन गोष्टी असतात. उष्णता अंगाला कळते. अतिनील किरण मात्र कळत नाहीत. ढगाळ दिवशी हवा थंड असली तरी पातळ ढगांतून हे किरण मोठ्या प्रमाणात खाली येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार अतिनील निर्देशांक ३ किंवा त्याहून अधिक असता संरक्षण घ्यावे. भारतातील उन्हाळ्याच्या दुपारी तो ११च्याही पुढे जातो. भारतीय त्वचेतील मेलॅनिनमुळे भाजण्याचे आणि त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा कमी असते, हे खरे. परंतु मेलॅनिन डोळ्यांचे पुरेसे रक्षण करीत नाही आणि उष्माघातापासून तर मुळीच वाचवत नाही.

उपायांचा क्रम लावताना जाहिराती क्रीमला पहिले स्थान देतात. संवेदनशील मुलासाठी हा क्रम उलटा करावा: आधी वेळ, मग सावली, मग वस्त्र आणि शेवटी क्रीम. कारण वेळ आणि सावली त्या मुलाच्या अंगाला स्पर्शही करीत नाहीत.

वेळेसाठी घड्याळही लागत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन प्रखर झाले, हा साधा नियम पहिलीतल्या मुलालाही कळतो. संवेदनशील मुलांना स्पष्ट, डोळ्यांना दिसणारे नियम मानवतात. ‘आता ऊन फार आहे’ या वाक्यापेक्षा जमिनीवरची सावली त्यांना अधिक विश्वासार्ह वाटते. छत्रीचेही तेच. टोपी न सोसणारे मूल छत्री आनंदाने धरते, कारण ती डोक्याला लागत नाही.

वस्त्राच्या बाबतीत सैल, दाट विणीचे, पूर्ण बाह्यांचे सुती कापड उत्तम. कॉलरमागची पट्टी काढून टाकावी, टोचणारी शिवण असल्यास कपडा उलटा घालू द्यावा. नवा कपडा दोन-चार वेळा धुऊन मऊ करावा. ओले सुती कापड किरण कमी अडवते, म्हणून पाण्यात खेळल्यावर कपडा बदलावा. टोपी हवीच असेल तर इलॅस्टिकविना, मऊ कापडाची, रुंद काठाची घ्यावी आणि आधी घरात, पंख्याखाली, पाच मिनिटे घालण्याची सवय लावावी. प्रकाशाने दिपणाऱ्या मुलाला गॉगल मनापासून आवडू शकतो. तो अतिनील किरण अडवणारा असल्याची खात्री करावी, नुसती काळी काच उपयोगाची नाही.

उरलेल्या उघड्या भागापुरते क्रीम. एसपीएफ ३०चे क्रीम नीट लावल्यास त्वचेला भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात. गंधविरहित क्रीम निवडावे. झिंक ऑक्साइडचे क्रीम डोळ्यांत कमी झोंबते. परंतु ते दाट आणि पांढरे असते, म्हणून काही मुलांना ते नकोसे वाटते. आधी मनगटावर थोडे लावून पाहावे. तळहातावर चोळून कोमट करावे आणि हलक्या बोटांऐवजी ठाम, सावकाश दाबाने लावावे. हलका स्पर्श अशा अनेक मुलांना गुदगुल्यांसारखा छळतो. दहापर्यंत अंक मोजून थांबायचे, हे आधी सांगावे आणि पाळावे. आरशासमोर मुलाने स्वतः लावले तर सर्वांत चांगले. स्प्रेचा आवाज आणि वास बहुधा त्रासदायक ठरतो. बराच वेळ बाहेर असल्यास दर दोन तासांनी क्रीम पुन्हा लावावे लागते, हेही आधीच सांगून ठेवावे.

आता शाळेचे कर्तव्य. पाणी मागण्यावर न सोडता घंटेवर द्यावे; सर्वांनी एकदम प्यायले की कोणी वेगळा पडत नाही. गणवेशात पूर्ण बाह्यांची मुभा असावी. कवायत सकाळच्या पहिल्या तासाला घ्यावी. काही औषधांमुळे घाम कमी येतो. पालकांनी डॉक्टरांना विचारून त्याची नोंद वर्गशिक्षकांकडे द्यावी. मूल अचानक निपचित झाले, असंबद्ध वागू लागले, अंग तापले, तर तो हट्ट समजू नये. तत्काळ सावलीत आणून अंग पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि रुग्णालयात न्यावे. थंड पाण्याला ते घाबरेल, रडेल. तरीही त्या क्षणी थांबू नये.

एक सोपा मार्ग शाळांना नेहमी मोह घालतो: ‘याला वर्गातच बसवू.’ त्याने ऊन टळते, पण बालपणही टळते. ड जीवनसत्त्वासाठी, हाडांसाठी आणि सोबत्यांसाठी मैदान प्रत्येक मुलाचे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने स्वमग्नतेचा समावेश दिव्यांगत्वात केला आहे आणि शाळांवर वाजवी सोयी देण्याची जबाबदारी टाकली आहे. कायद्याची भाषा रुक्ष असते. तिचा मैदानावरचा अर्थ एवढाच, की मुलाला मैदानाजोगे करण्याआधी मैदान मुलाजोगे करावे.

हीरकमहोत्सवाची आठवण म्हणून शाळा मैदानाच्या कडेला कडुनिंबाची, करंजाची झाडे लावू शकते. त्यांची सावली हट्टी मुलालाही मिळते, शहाण्यालाही. ती कोणाच्या डोक्याला काचत नाही, आणि शंभराव्या वर्षाचा सोहळा पाहणाऱ्या मुलांनाही ती पुरेल.